जुळणी आणि निर्मिती : अभिजात अमेरिकी मोटारींच्या प्रतिकृती-संचांची चिकित्सा

प्रस्तावना

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मुले मिरवतात. हा बैल खऱ्या बैलाची प्रतिकृती असला तरी मापाच्या कसोटीवर तो क्वचितच उतरतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. प्रतिकृतीच्या या कल्पनेच्या अगदी दुसऱ्या टोकाला अभिजात अमेरिकी मोटारींचे प्लॅस्टिकचे संच उभे आहेत. मूळ मोटारीचा पंचविसावा हिस्सा एवढ्या आकारात तिचे इंजिन, आसने, चाके आणि नामपट्टीही त्यांत मोजून-मापून उतरविलेली असते. हे सुटे भाग जुळवून मोटार उभी करणे हा जगभर पसरलेला छंद आहे. प्रस्तुत लेखात या संचाकडे एक सांस्कृतिक संहिता म्हणून पाहिले आहे. संच जुळविणारा माणूस निर्माता ठरतो काय, हा या लेखातील मुख्य प्रश्न होय. मराठी मुलखातील मोटारधंद्याच्या इतिहासाने हाच प्रश्न वेगळ्या संदर्भात एकदा विचारला होता, त्यामुळे येथील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

१. संचाचा उगम आणि स्वरूप

या छंदाचा उगम विक्रीच्या दालनात आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली 'एएमटी' ही कंपनी आरंभी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती तयार करीत असे. ग्राहकाच्या मनात गाडीविषयी अभिलाषा निर्माण करणे हा त्यांचा हेतू होता. १९५८ पासून याच कंपनीने जुळणीचे संच बाजारात आणले. एकाच डब्यातील भागांतून कारखान्यातून आलेली, हौसेने सजविलेली किंवा शर्यतीसाठी बदललेली अशा तीनपैकी कोणत्याही रूपातील मोटार उभी करता येत असे. रेव्हेल, मोनोग्रॅम, जो-हॅन या कंपन्याही याच क्षेत्रात नावारूपाला आल्या.

१९५७ ची शेव्हरोले बेल एअर, १९५९ ची उंच शेपटीपंखांची कॅडिलॅक आणि १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग ही या छंदातील मानाची नावे आहेत. सुमारे ५.७ मीटर लांबीची कॅडिलॅक संचात अवघी २३ सेंटिमीटरची होते. भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते कापून काढावे लागतात, साच्याची शिवण घासून घालवावी लागते आणि अस्तराचा रंग देऊन त्यावर पातळ थर चढवावे लागतात. पॉलिस्टायरिनसाठी वापरला जाणारा द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर वितळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे एकदा झालेली चूक सहजासहजी सुटत नाही. या कामाला लागणारा संयम आणि हातोटी यांचे मोल नाकारता येणार नाही.

२. दोन दृष्टिकोन

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात खेळण्यांचा विचार केला आहे. प्रौढांच्या जगाची हुबेहूब छोटी आवृत्ती मुलाच्या हाती दिली की ते मूल त्या जगाचे निर्माते न होता केवळ मालक आणि वापरकर्ते होते, असा त्यांचा आक्षेप आहे. लाकडी खेळण्यांविषयी त्यांना वाटणारी आस्था याच भूमिकेतून आली आहे. तान्ह्या पोळ्यातील बैल या आक्षेपातून सहज सुटतो. प्रतिकृती-संचाचे मात्र तसे नाही.

याउलट क्लोद लेव्ही-स्त्राउस यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीची बाजू मांडली आहे. आकार लहान झाला की संपूर्ण वस्तू एका दृष्टिक्षेपात येते, भागांच्या आधी पूर्णाचे ज्ञान होते आणि प्रतिकृती हाताने घडविलेली असल्याने घडविणाऱ्याला वस्तूची रचना आतून कळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या दोन मतांच्या मध्ये संचाचे स्थान चमत्कारिक आहे. तो हातांना काम देतो, म्हणून बार्थ यांचा आक्षेप त्याला पूर्णतः लागू पडत नाही. पण प्रत्येक भाग कोठे बसवायचा हे सूचनापत्रकाने आधीच ठरविलेले असते. म्हणून लेव्ही-स्त्राउस यांना अभिप्रेत असलेले घडविण्यातून येणारे ज्ञानही येथे अर्धेच मिळते. संच जुळविणाऱ्याला गाडीचा क्रम कळतो. ती तशी का केली, हे कळतेच असे नाही.

३. शिवडी आणि कुर्ला : संचातून आलेली खरी मोटार

ही अर्धवटता नीट समजून घेण्यासाठी मुंबईच्या मोटारधंद्याचा इतिहास उपयोगी पडतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे कारखाना सुरू केला. तेथे परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग जुळवून मोटारी तयार होत. म्हणजे अमेरिकी मोटार येथे आली तीही एका अर्थाने संचाच्याच रूपात.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना या स्थितीपलीकडे जायचे होते. वासाहतिक सरकारचा प्रतिकूल प्रतिसाद सोसून त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारी बाहेर पडू लागल्या. येथेही आरंभ जुळणीनेच झाला. क्रायस्लरच्या निर्यातीतील काही मोटारींचे मूळ तर एकच असे; नामपट्टी आणि जाळी बदलली की प्लिमथची डॉज होई. संचातील वैकल्पिक भागांचा खेळ कारखान्यानेच आधी खेळला होता, असे म्हणावे लागते.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण निश्चित केले. ज्यांच्यापाशी टप्प्याटप्प्याने देशातच भाग तयार करण्याची योजना आहे, त्यांनाच या धंद्यात राहता येणार होते. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील जुळणी थांबविली आणि फोर्डनेही याच सुमारास काढता पाय घेतला. जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे, हा भेद अशा रीतीने शासकीय धोरणाचा भाग झाला. प्रीमियर मात्र टिकली. पुढे फियाटच्या परवान्यावरील तिची छोटी गाडी पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी झाली आणि २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसत राहिली.

प्रतिकृती-संचाला हीच कसोटी लावली तर त्याची मर्यादा उघड होते. संचात मोटारीचा प्रत्येक दृश्य भाग आहे. पण साचा कापणारा, पत्रा ठोकणारा, पेटी उघडून भाग जुळविणारा कामगार त्यात कोठेच नाही. जुळणी करणारा छांदिष्ट त्या कामगाराच्या कृतीची नक्कल करतो, मात्र स्वतःला मालकाच्या जागी पाहतो. संचाच्या मोहिनीचे मूळ या विसंगतीत आहे.

४. घाट आणि धूळ

संचातून दुसरी गोष्ट वगळली जाते ती रस्ता. परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात मोटारीची खरी परीक्षा होते. चढावर इंजिन तापते, रेडिएटरमधील पाणी उकळू लागते, वळणावर लांब गाडीचे मागचे अंग बाहेर झुकते आणि उतारावर ब्रेकचा कस लागतो. अमेरिकी रुंद महामार्ग डोळ्यांपुढे ठेवून आखलेली १९५९ ची कॅडिलॅक अशा घाटात कल्पून पाहिली, तर तिचे शेपटीपंख किती निरुपयोगी आहेत हे ध्यानात येते. संचात रेडिएटर आणि त्याची नळी अचूक असते, उष्णता नसते. दालनातील क्षण तेथे कायमचा गोठलेला असतो.

या उणिवेची जाणीव छांदिष्टांनाही आहे. म्हणूनच रंगांच्या साहाय्याने गंज, धूळ आणि चिखल दाखविण्याचे तंत्र विकसित झाले. एका संचाचे भाग दुसऱ्यात बसविणारे, तर काही संपूर्ण भाग कोऱ्या प्लॅस्टिकमधून कापून घेणारे कारागीरही आहेत. सूचनापत्रक बाजूला ठेवण्याचा हा क्षण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तेथून जुळणी संपते आणि निर्मिती सुरू होते.

अमेरिकेतही ही दुसरी वाट होती. जनरल मोटर्सच्या आश्रयाने १९३० ते १९६८ या काळात चाललेल्या 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' या स्पर्धेत मुलांनी आरंभी नेपोलियनकालीन राजरथाची प्रतिकृती करावी, अशी अपेक्षा होती. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा नमुना मागविला जाऊ लागला आणि विजेत्यांना शिष्यवृत्ती मिळे. एकाच उद्योगाने एका हाताने तयार मोटारीचे आकर्षण विकले आणि दुसऱ्या हाताने नव्या मोटारीची कल्पना मागितली, ही बाब लक्षणीय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की प्रतिकृती-संच सर्वस्वी त्याज्य नाही आणि सर्वस्वी सर्जनशीलही नाही. तो हाताला शिस्त लावतो, डोळ्याला प्रमाण शिकवितो. परंतु निर्णय घेण्याचा अधिकार स्वतःपाशी राखून ठेवतो. प्रतिकृतीचे मूल्यमापन केवळ अचूकतेने करणे म्हणूनच अपुरे आहे. तिच्यात घडविणाऱ्याने स्वतः काय ठरविले, हा निकष अधिक सार्थ ठरेल.

शैक्षणिक क्षेत्राला हा निकष विशेष लागू आहे. प्रदर्शनासाठी बाजारातून आणलेला तयार प्रकल्प जुळवून मांडणारा विद्यार्थी आणि ओबडधोबड का होईना, स्वतः कल्पिलेले यंत्र उभे करणारा विद्यार्थी यांच्यात शिवडी आणि कुर्ला यांच्यातील अंतर आहे. पहिल्याचे काम नीटनेटके दिसते, म्हणून गुण बहुधा त्याच्याच पदरात पडतात. कुर्ल्याचीही सुरुवात जुळणीनेच झाली होती. ती तेथे थांबली नाही, हे तिचे वेगळेपण. संच हाती घेणाऱ्या प्रत्येकाकडून, आणि त्याचे काम तपासणाऱ्याकडूनही, एवढीच अपेक्षा ठेवणे उचित होईल.