बी. ए.चें मानसशास्त्र आणि बीडचा विद्यार्थी

बीड जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मानसशास्त्र घेऊन बी. ए. होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातीं जीं मराठी पुस्तकें पडतात, त्यांतलीं कांहीं आम्हीं अलीकडे सलग वाचून काढलीं. कथा-कादंबऱ्यांच्या परीक्षणांनीं मासिकांचे रकाने भरतात. क्रमिक पुस्तकाकडे टीकाकार ढुंकूनहि पाहत नाहीं. वास्तविक खेड्यांतून आलेल्या मुलास मनाविषयीं कांहीं व्यवस्थित वाचावयास मिळतें तें बहुधा याच पुस्तकांत, आणि पुष्कळदां तें पहिलें व शेवटचेंच ठरतें. अभ्यासक्रमाचा सांगाडा सर्वत्र असतो तसाच आहे: सामान्य, सामाजिक, विकासात्मक आणि अपसामान्य मानसशास्त्र, व जोडीला प्रयोग.

भाषेविषयीं फार बोलत नाहीं. 'अभिजात अभिसंधान', 'प्रबलन' हे शब्द कानाला जड लागतात. पण प्रत्येक शास्त्राची आपली परिभाषा असते आणि ती सरावानें पचते. आमची तक्रार शब्दांहून आशयाविषयीं अधिक आहे.

विकासात्मक मानसशास्त्राच्या प्रकरणांत मेरी एन्सवर्थ या विदुषीचा प्रयोग हटकून येतो. एका अनोळखी खोलींत वर्षाच्या आगेंमागें वय असलेलें मूल असतें. आई सुमारें तीन मिनिटें बाहेर जाते व परत येते. ती आल्यावर मूल कसें वागतें, त्यावरून मायलेकरांमधील बंध कसा आहे तें ठरवितात. विद्यार्थी हें पाठ करतो आणि गुण मिळवितो. आतां हा विद्यार्थी कोण, तें पाहा. दसऱ्यानंतर या जिल्ह्यांतलीं हजारों जोडपीं उचल घेऊन मुकादमाच्या टोळींतून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. तीं परत येतात तीं पाडव्याच्या सुमारास, कधीं त्याहूनहि उशिरां. लहान मूल एक तर फडावर जातें, नाहीं तर आजीपाशीं राहतें. ज्यानें तीन मिनिटांच्या वियोगाचा अर्थ परीक्षेसाठीं घोकला, त्याची स्वतःची आई कदाचित् पांच-सहा महिने दृष्टिआड होत आली असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असूं शकतो, हें पुस्तकानें त्याला एका ओळीनेंहि सुचविलेलें नाहीं. अशा मुलाचें मन बिघडलेलेंच असतें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तीन मिनिटांचें माप सहा महिन्यांस लागू पडेलच असें नाहीं. आजीच्या मायेनें काय भरून निघतें आणि काय निघत नाहीं, तें येथेंच, या गांवांतून, पाहावें लागेल.

खुद्द एन्सवर्थबाईंनीं तेंच केलें होतें. बाल्टिमोरची ती खोली मागाहून आली. त्यापूर्वीं १९५४-५५ च्या सुमारास त्या युगांडांतील खेड्यांत आया व तान्हीं मुलें यांच्या घरीं जाऊन बसत व टिपणें करीत. त्यावरचें त्यांचें पुस्तक १९६७ सालीं निघालें. आमच्या क्रमिक पुस्तकांनीं खोली तेवढी उचलली आणि खेडें टाकून दिलें!

दुसरें उदाहरण याहून चमत्कारिक आहे. सामाजिक मानसशास्त्रांत फेस्टिंगर या अमेरिकन पंडिताचा १९५७ चा बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत शिकवितात. तो ज्या कोड्यावरून सुचला, तें कोडें हिंदुस्थानांतलें आहे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला. ज्या भागांत धक्का जाणवला पण पडझड झाली नाहीं, तेथील अफवा जमुना प्रसाद यांनीं गोळा करून १९३५ सालीं प्रसिद्ध केल्या. लोकांना धीर येईल अशा त्या नव्हत्या. याहून भयंकर संकट येणार, असें त्या सांगत. पुढें १९५२ सालीं दुर्गानंद सिन्हा यांनीं दार्जिलिंगच्या दरडींविषयींचा अभ्यास छापला. तेथें विध्वंस डोळ्यांसमोर होता आणि तसल्या अफवा मात्र नव्हत्या. फेस्टिंगरनें दोन्ही शेजारीं ठेवून विचारलें: मनांत भीति आधींच आहे, पण तिला कारण दिसत नाहीं, म्हणून तर माणूस तिला साजेल अशी वार्ता शोधीत नसेल? हा इतिहास आम्हांस कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत आढळला नाहीं. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तो तर शेजारच्याच लातूर जिल्ह्यांत. त्या दिवसांत कसकशा वार्ता उठल्या, हें विद्यार्थ्याला घरच्या वडील मंडळींस विचारतां आलें असतें. जमुना प्रसादांनीं याहून निराळें काय केलें?

या सर्वावर उपाय म्हणून कांहीं विद्वान् पाश्चात्त्य मानसशास्त्र बाजूस सारून उपनिषदांतील मनोविचार लावावा, असें सुचवितात. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईचा हा जिल्हा. त्या परंपरेचा आम्हांस अनादर कसा असेल? परंतु ऊसाच्या फडावरचें मूल जसें बाल्टिमोरच्या खोलींत नाहीं, तसें तें उपनिषदांतहि नाहीं. एका पोथीच्या जागीं दुसरी पोथी आली म्हणून पाठांतर कांहीं सुटत नाहीं.

अभ्यासक्रमांतला उत्तम भाग म्हणजे प्रयोग, आणि त्याचीच हेळसांड अधिक होते. म्युलर-लायर यांचा भ्रम घ्या. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांचे बाण आंत वळलेले, दुसरीचे बाहेर. डोळा एकीस लांब ठरवितो. निरनिराळ्या समाजांतील माणसें या भ्रमाला कमीअधिक प्रमाणांत फसतात, असें सीगल, कॅम्बेल व हर्स्कोविट्स यांनीं १९६६ सालीं दाखविलें. तांड्यावरचा, वाडीवरचा आणि शहरांतला विद्यार्थी एकाच वर्गांत बसलेला असतां ही तुलना करण्याची केवढी सोय आहे! परंतु गतवर्षींच्या वहींतले आंकडे यंदाच्या वहींत जसेच्या तसे उतरलेले आम्हीं स्वतः पाहिले आहेत. त्या उपकरणाला वीज लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. एक पुठ्ठा आणि मोजपट्टी पुरते.