ऐहिक जीवनाचा आरसा की पाहणाऱ्याची दृष्टी? : उत्तर-मध्ययुगीन जर्मन रेखाटने व मुद्राचित्रे

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मुद्राचित्रणाची कला भरास आली. या काळातील बहुसंख्य मुद्राचित्रे धार्मिक विषयांवरील आहेत. तथापि शेतकरी, प्रेमी युगुले, पत्ते खेळणारी जोडपी, रांगणारी मुले हे ऐहिक विषयही त्यांत आढळतात. अशी चित्रे ‘तत्कालीन समाजजीवन’ या मथळ्याखाली वर्गात दाखविण्याचा मोह सहज होतो. चित्र म्हणजे समाजाचा आरसा, हे त्यामागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

प्रथम ‘हाउसबुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखिताचा विचार करू. सुमारे 1480 च्या या ग्रंथात युद्धयंत्रे, खाणकाम, शिकार व शस्त्रक्रीडा यांची रेखाटने आहेत. त्यातील सर्वांत प्रसिद्ध मालिका सात ग्रहांची आहे. शनीच्या अमलाखाली नांगरणारा शेतकरी व वधस्थान एकाच पानावर येतात. बुधाच्या पानावर कारागीर, चित्रकार आणि विद्यार्थ्याला मारणारा शिक्षक दिसतो. तपशील ऐहिक आहेत, परंतु त्यांची मांडणी ज्योतिषाची आहे. शेतकऱ्याचे स्थान त्याच्या श्रमावरून नव्हे, तर ग्रहावरून ठरते. म्हणजे येथील ‘ऐहिक’ हे विश्वरचनेच्या कल्पनेपासून मुक्त नाही.

या ग्रंथावर एकाहून अधिक हात फिरले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांपैकी प्रमुख चित्रकाराचे खरे नाव ज्ञात नाही. त्याच्या सुमारे 90 मुद्राचित्रांपैकी बहुतेक ॲमस्टरडॅमच्या रेक्सम्यूझियममध्ये आहेत आणि त्यांतील पुष्कळांची आज एकेकच प्रत उपलब्ध आहे. याचे कारण तंत्रात आहे. त्याने ड्रायपॉइंट पद्धत वापरली. धातूच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढली असता कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. तो शाई धरतो आणि रेघेला मखमली मृदुता देतो. मात्र छपाईच्या दाबाखाली तो लवकर झिजतो व प्रती मोजक्याच निघतात. साहजिकच ही चित्रे बाजारापेक्षा जाणकारांच्या लहान वर्तुळासाठी असावीत. अंग खाजविणारा त्याचा कुत्रा कोणताही नीतिपाठ देत नाही. निरीक्षणाचा आनंद हेच त्याचे प्रयोजन. पण त्याच चित्रकाराच्या एका विडंबनात्मक कुलचिन्हात ढालीवर शेतकरी डोक्यावर उभा आहे आणि वर पत्नी पतीच्या पाठीवर बसली आहे. कुत्र्याकडे जी अलिप्त दृष्टी जाते, ती शेतकऱ्याकडे जात नाही.

बोखोल्ट येथील सुवर्णकार इस्राहेल फान मेकेनेम (मृत्यू 1503) याचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याने सहाशेहून अधिक मुद्राचित्रे कोरली. त्यांपैकी बरीचशी इतरांच्या चित्रांच्या नकला आहेत. कोरणीने खोदलेल्या ताम्रपटावरून पुष्कळ प्रती काढता येतात, त्यामुळे त्याचा ग्राहकवर्गही विस्तृत होता. त्याच्या जोडप्यांच्या मालिकेत एक संतप्त पत्नी पतीला चातीच्या दांड्याने मारते आहे. दोघांतील भांडण पतीच्या तुमानीवरून, म्हणजेच घरातील सत्तेवरून आहे, आणि वर एक सैतान घिरट्या घालतो. हे तत्कालीन संसाराचे वार्तांकन नव्हे. उलट्या जगाचा तो परिचित विनोद आहे. याच मेकेनेमने सुमारे 1490 मध्ये स्वतःचे व पत्नी इडाचे जोडचित्र कोरले. तेथे दोघे शेजारी शेजारी, गंभीर आणि नामनिर्देशासह दिसतात. स्वतःच्या संसाराला प्रतिष्ठा आणि निनावी संसाराला उपहास, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तात्पर्य, ही चित्रे इतिहासाची साधने म्हणून त्याज्य नाहीत. पोशाख, अवजारे, खेळ यांविषयी त्यांची साक्ष मोलाची आहे. मात्र शेतकरी व स्त्रिया कशा जगत होत्या, यापेक्षा त्यांच्याकडे कोण आणि कसे पाहत होते, हे ती अधिक खात्रीने सांगतात. म्हणून अध्यापनात असे चित्र वापरताना ते कोणासाठी काढले, कोणत्या तंत्राने छापले आणि किती हातांत पोहोचले, हे प्रश्न आधी विचारावयास हवेत. अन्यथा पाचशे वर्षांपूर्वीच्या ग्राहकाचा उपहास आपण विद्यार्थ्यांना वस्तुस्थिती म्हणून शिकवू.