व्हिडिओ-कलेतील आत्मदर्शन

चित्रफलक किंवा पाषाण यांप्रमाणे व्हिडिओ हे कलावंताच्या वडिलोपार्जित कार्यशाळेतील साधन नव्हते. १९६७च्या सुमारास सोनी कंपनीचे ‘पोर्टापॅक’ हे खांद्यावर वाहून नेता येणारे यंत्र विक्रीस आले, तेव्हा कोठे दूरचित्रवाणी-केंद्रांच्या मक्त्यातून सुटून ते एकट्या कलावंताच्या हाती पडले. चित्रपटाची फीत रसायनात धुऊन येईपर्यंत आपले काम कसे उतरले हे कर्त्यालाही कळत नसे. या यंत्राने टिपलेले दृश्य मात्र टिपले जात असतानाच शेजारच्या संचावर उमटे, आणि म्हणून या माध्यमाचा पहिला विषय बहुधा यंत्रासमोर उभा असलेला कलावंत स्वतःच ठरला.

व्हीतो अकॉन्ची यांच्या १९७१च्या ‘सेंटर्स’ या कृतीत ते संचावरील स्वतःच्याच प्रतिमेच्या मध्यावर वीसहून अधिक मिनिटे बोट रोखून धरतात, आणि ते बोट फीत पाहणाऱ्याला आपल्यावरच रोखलेले दिसते. रोझलिंड क्राउस यांनी १९७६ साली ‘ऑक्टोबर’ नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात या कृतीचा दाखला देऊन, व्हिडिओचे खरे उपादान यंत्र नसून आत्मरतीची मनोवस्था होय, असे प्रतिपादन केले. त्यांनी अपवादही नोंदवले असल्याने हा अभिप्राय एकांगी म्हणता येत नाही. तथापि या कलेची खरी सत्त्वपरीक्षा त्या अपवादांतच झाली, असे माझे मत आहे.

ब्रूस नॉमन यांनी १९७० साली रचलेली अरुंद मार्गिका घ्या. तिच्या दूरच्या टोकाला एकावर एक असे दोन संच असून, एकावर रिकाम्या मार्गिकेची पूर्वी टिपलेली फीत चालू असते आणि दुसऱ्यावर प्रवेशद्वारी उंच बसविलेल्या कॅमेऱ्याचे तत्कालीन दृश्य. त्यामुळे आपली प्रतिमा जवळून न्याहाळावी म्हणून प्रेक्षक जसजसा पुढे सरकतो, तसतसा तो कॅमेऱ्यापासून दुरावतो आणि संचावर पाठमोरा, लहान लहान होत गेलेला दिसतो, तर फीत चालू असलेल्या पडद्यावर त्याची हजेरीच लागलेली नसते. डॅन ग्रॅहम यांनी १९७४ साली आरशांच्या खोलीत आठ सेकंदांचा विलंब योजून हाच प्रश्न काळाच्या अंगाने मांडला: आरसा वर्तमान दाखवितो, संच नुकताच सरलेला भूतकाळ, आणि संचात उमटलेल्या आरशातील संचात त्याहूनही आधीचा. प्रतिमा आज्ञाधारकपणे परत न देता तिच्यात अशी तफावत पाडणे, हीच या माध्यमाची मला सर्वांत मोठी सिद्धी वाटते.

याउलट घरोघरच्या दूरचित्रवाणीचा कारभार रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांनी १९७३ साली नुसत्या सरकत्या अक्षरांनी उघड केला: येथे विकला जाणारा माल म्हणजे खुद्द प्रेक्षकच होय.

मुंबईत नलिनी मालानी यांनी पोखरणच्या १९९८च्या अणुचाचण्यांनंतर मंटोंच्या ‘टोबा टेकसिंग’ कथेचे स्मरण करून उभारलेली रचना पुढील वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडली गेली. पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले संच फाळणीतील निर्वासितांची आठवण देतात, आणि समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात. कथेतला बिशनसिंग ज्या बिनमालकीच्या भूमीत कोसळतो, तशाच मधल्या जागेत प्रेक्षकाला उभे राहावे लागते. येथे आत्मपरीक्षणासाठी कोणाचे मुखदर्शन आवश्यक राहिलेले नाही. कलावंताची व्यक्तिगत छबी ओलांडून ते नागरिकाच्या उत्तरदायित्वापर्यंत पोचले आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असून त्यातील प्रतिमा विलंब तर करीत नाहीच, उलट मालकाची मर्जी सांभाळून गोरीगोमटी होऊन येते. आणि खेदाची गोष्ट अशी की, प्रेक्षकाला केवळ स्वतःचे छायाचित्र घेण्याची सवड देणाऱ्या कृतींनाही सहभागाची कला म्हणून मान्यता मिळू लागली आहे. मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांची ‘शॅडो’ मालिका या प्रवाहापासून वेगळी काढली पाहिजे. तीत प्रेक्षकाची सावली पडद्यावर उमटते, वरून वस्तू येऊन तिला चिकटू लागतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या सावल्याही त्याच भाराखाली एकमेकींत मिसळतात. प्रेक्षकाला स्वतःची आकृती मिळते खरी, परंतु ती एकट्याची म्हणून मिळत नाही.