न छापलेल्या वर्षांचा हिशेब

वर्ष सरत आले की लहान प्रकाशनसंस्थांची वार्षिक निवेदने वाचावयास मिळतात. कधी ती एखाद्या वाङ्मयीन नियतकालिकात येतात, कधी ग्राहकांना पाठविलेल्या पत्रात, तर कधी नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर. त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. यंदा इतकी पुस्तके काढली, अमक्या पुस्तकास पुरस्कार लाभला, कागद महागला, वाचक घटला, तरीही आम्ही उमेद सोडलेली नाही. या निवेदनांमागच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. मात्र निवेदन हा एक लेखनप्रकार मानून त्याकडे चिकित्सकपणे पाहिले, तर एक मोठी उणीव जाणवते. त्यात छापलेल्या पुस्तकांची यादी असते. जे छापले नाही, जे राखून ठेवले, जे एकदा छापून नंतर मिळेनासे झाले, त्याविषयी अवाक्षरही नसते.

मोठ्या प्रकाशकाचे वर्ष पुस्तकांच्या संख्येने मोजले तर फारसा अन्याय होत नाही. त्याचे चाकच तसे फिरते. ग्रंथालयांची खरेदी, विक्रेत्यांचे कमिशन, कामगारांचे पगार या सर्वांसाठी त्याला दरमहा काही ना काही बाजारात आणावेच लागते. लहान प्रकाशकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला कोणी घाई करीत नाही, आणि हेच त्याचे खरे भांडवल असते. म्हणूनच त्याच्या वर्षाचे मोल त्याने किती काढले यावरून नव्हे, तर तो कशासाठी थांबला आणि त्या थांबण्यातून काय निपजले यावरून ठरविले पाहिजे, असे आमचे मत आहे. हे मत पडताळून पाहण्यासाठी मराठीत एक ठळक उदाहरण आहे. ते म्हणजे मुंबईचे प्रास प्रकाशन.

प्रास प्रकाशन हे अशोक शहाणे यांचे. १९६३ साली मराठी साहित्यावर ‘क्ष-किरण’ टाकणारा लेख लिहून त्यांनी प्रस्थापितांची झोप उडविली होती. ‘असो’ या अनियतकालिकाचे ते संपादक, बंगालीतून मराठीत उत्तम अनुवाद करणारे, आणि मुद्रणाची बारकाईने जाण असलेले गृहस्थ. साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ ओसरू लागल्यावर त्या चळवळीतील काही चांगले ग्रंथरूपाने टिकावे, ही प्रासमागची प्रेरणा म्हणता येईल.

या चळवळीची एक मुळी महाराष्ट्राबाहेर रुजलेली होती, याचे स्मरण आपल्या वाचकांस करून देणे अप्रस्तुत होणार नाही. पु. आ. चित्रे यांनी १९४३ साली वडोद्याहून ‘अभिरुची’ हे मासिक सुरू केले. पुण्या-मुंबईची प्रतिष्ठित मासिके नवकवितेकडे साशंकतेने पाहत असता मर्ढेकरांच्या कवितेला या मासिकाने जागा दिली. संपादकांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांचा जन्म १९३८ चा, वडोद्याचाच. पुढे मुंबईत त्यांनी अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी मित्रांसमवेत ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक चालविले. मराठीतील लघुनियतकालिकांचा आरंभ ‘शब्द’पासून मानण्याची प्रथा आहे. तेव्हा बाजाराकडे पाठ फिरवून आपल्या रुचीवर विश्वास ठेवण्याची ही रीत वडोद्याच्या एका मराठी घरातून मुंबईस गेली, असे म्हटल्यास ती केवळ स्वकौतुकाची भाषा ठरू नये.

आता प्रासकडे वळू. १९७७ साली या संस्थेने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह प्रसिद्ध केला. या नावाकडेच पाहावे. ‘कोलटकर यांच्या’ असे नाही, ‘कोलटकरच्या’. कवीला एकेरी संबोधणारे मुखपृष्ठ मराठी वाचकाला त्यापूर्वी क्वचितच दिसले असेल. शाल-श्रीफळाच्या परंपरेपासून हा प्रकाशक आणि हा कवी किती दूर उभे होते, हे त्या एका विभक्तिप्रत्ययावरून कळते. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ हे ‘क्लिअरिंग हाऊस’ने काढले होते. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या चार कवींनी मिळून चालविलेली ती सहकारी संस्था होती. ‘जेजुरी’ला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. व्यवहार जाणणाऱ्या कोणत्याही प्रकाशकाने त्या यशाच्या पाठोपाठ त्याच कवीचा दुसरा मराठी संग्रह बाजारात आणला असता.

प्रासने तसे केले नाही. यानंतर कोलटकरांचा दुसरा मराठी संग्रह येण्यास सुमारे पाव शतक लोटले. कवी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. प्रकाशक वाट पाहत होता. अखेर २००३ आणि २००४ या दोन वर्षांत ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ आणि ‘द्रोण’ ही तीन मराठी पुस्तके, तसेच ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ ही दोन इंग्रजी पुस्तके प्रासने वाचकांच्या हाती दिली. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.

या थांबण्यातून काय हाती आले, ते ‘भिजकी वही’त स्पष्ट दिसते. नाव ऐकताच इंद्रायणीत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या आठवतात. पण ही वही भिजली आहे ती स्त्रियांच्या अश्रूंनी. इजिप्तची आयसिस, ट्रॉयची कॅसँड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, पतीच्या कविता पाठ करून जगविणारी रशियातील नादेझ्दा, बॉम्बच्या आगीत होरपळून रस्त्यावर धावत सुटलेली व्हिएतनामची किम, अशा दूरदूरच्या बायका येथे एकाच ओसरीवर येऊन बसतात आणि मराठीत बोलतात. हे सारे एका बैठकीत सुचण्यासारखे नाही. प्रत्येकीसाठी कवीला निराळा इतिहास, निराळी पुराणे वाचावी लागली असणार आणि मग ते वाचन पचवून विसरावेही लागले असणार. संदर्भांचा एवढा भार असूनही कवितेची बोली हलकी राहिली आहे. भाषेला असा मुरलेला हलकेपणा येण्यास वर्षे लागतात. दर तीन वर्षांनी संग्रह मागणाऱ्या प्रकाशकाला ही वही मिळाली नसती.

‘चिरीमिरी’ची चाल वेगळी आहे. बळवंतबुवांसारखा अवलिया, पंढरीच्या वाटेवरची माणसे, भक्ती आणि टवाळी यांचे एकाच श्वासात येणे, यांमुळे ती कविता भजनाच्या फडाशी नाते सांगते. ‘द्रोण’ रामायणकथेला खोडकरपणे हात घालते, तर ‘सर्पसत्र’ जनमेजयाच्या यज्ञातील संहाराकडे आजच्या डोळ्यांनी पाहते. ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये मुंबईच्या एका चौकातील फुटपाथवरचे जग आहे. पाचही पुस्तकांचा पोत निराळा आहे. एकाच प्रकाशकाच्या एकाच हंगामातील हे पीक आहे, यावर विश्वास बसू नये इतका निराळा.

येथवर आम्ही जमेची बाजू मांडली. खर्चाची बाजूही मांडणे समीक्षेचे कर्तव्य आहे. कवितेचे आयुष्य कागदावर संपत नाही. समकालीनांच्या वाचनात, वादात, अनुकरणात आणि विरोधात ते वाढते. १९८० आणि १९९० या दशकांत लिहू लागलेल्या मराठी कवींपुढे ग्रंथरूपाने कोलटकरांचा १९७७ चा संग्रह तेवढा होता. नियतकालिकांतून मधूनमधून कविता दिसत, पण त्यावरून पुढची वाट उमगणे कठीण होते. ज्या काळात ही कविता घडत होती, त्या काळाशी तिचा पुरेसा संवाद झाला नाही. आणि ती आली तेव्हा पाच पुस्तके एकदम आली. त्यांना उत्तर द्यावयास कवी राहिला नाही. पहिल्या वाचनावर निधनाची छाया पडली. चर्चा श्रद्धांजलीच्या सुरात झाली. ‘भिजकी वही’ला पुरस्कार मिळाला आणि तिच्या आडोशाला ‘चिरीमिरी’ व ‘द्रोण’ काहीशी झाकली गेली. संयमाचीही अशी किंमत असते आणि ती वाचकाने मोजलेली असते.

मग प्रासने घाई करावयास हवी होती काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. कवी अपुरे म्हणतो ते प्रकाशकाने ओढून घेणे हा अपराधच ठरला असता. पण वाट पाहणे आणि त्याविषयी मौन पाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लहान प्रकाशकाने वर्षाच्या अखेरीस एवढे जरी सांगितले, की यंदा आम्ही काही छापले नाही. एक काम चालू आहे, ते पुरे झाल्याखेरीज येणार नाही. जुन्यापैकी ही पुस्तके शिल्लक आहेत, ही संपली, ही पुन्हा छापू. तर वाचक त्या प्रतीक्षेत सहभागी होतो. रिकामे वर्ष मग रिकामे राहत नाही. ज्या निवेदनांच्या साच्याविषयी आम्ही आरंभी तक्रार केली, त्यांत नेमकी हीच वाक्ये नसतात. याचे कारण उघड आहे. न छापल्याची लाज वाटते आणि संपलेल्या आवृत्तीची कबुली अडचणीची होते. वास्तविक चांगल्या लहान प्रकाशकाला यांपैकी कशाचीच लाज वाटावयास नको.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना या प्रश्नाची आणखी एक बाजू अधिक बोचते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तक मिळाले नाही, तर मनुष्य दुसऱ्या दुकानात जातो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद वा बेळगाव येथील वाचकाला लहान प्रकाशकाचे पुस्तक मिळण्याचा मार्ग वर्षानुवर्षे एकच होता, टपालाचा. नोंदणीकृत मुद्रित पुस्तकांसाठी असलेली टपालखात्याची सवलतीची सेवा या व्यवहाराचा कणा होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी ती बंद झाली आणि वजनदार पुस्तक धाडण्याचा खर्च अचानक कितीतरी वाढला. मोठे विक्रेते खासगी कुरियरशी ठोक दराने करार करतात. वर्षाला दोन-तीन पुस्तके काढणाऱ्याला तो दर कोण देणार? पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे ठरविण्यात आले. हा दिलासा खराच. पण मधल्या साडेचार महिन्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. आपल्या घरातील मराठी कपाट किती नाजूक धाग्यावर लोंबकळत असते, हे दराच्या एका फेरबदलाने उघड झाले. लहान प्रकाशकांच्या वार्षिक निवेदनात या धाग्याचा उल्लेख असावयास हवा. यंदा किती प्रती महाराष्ट्राबाहेर गेल्या, कोणत्या गावी गेल्या, किती परत आल्या, हे आकडे पुरस्काराच्या बातमीइतकेच मोलाचे आहेत. आपला वाचक कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो ‘वाचक घटला’ असे कशाच्या आधारे म्हणतो?

याची दुसरी बाजू आपल्याकडे येते. आपल्या गावोगावच्या मंडळांची, वाचनालयांची कपाटे जुन्या ग्रंथांनी भरलेली आहेत आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र नवी खरेदी करताना बहुतेक ठिकाणी पुरस्कारप्राप्त पुस्तकांची यादी समोर ठेवली जाते. त्या रीतीने ‘भिजकी वही’ २००५ नंतर कपाटात येऊ शकते, १९७७ चा संग्रह मात्र येत नाही. ‘अभिरुची’ला वडोद्यात जगविणाऱ्या वाचकांनी पुरस्काराची वाट पाहिली नव्हती. प्रत्येक वाचनालयाने दरवर्षी एका लहान प्रकाशकाची निवड करावी, त्याची उपलब्ध असलेली जुनी-नवी सर्व पुस्तके मागवावीत, आणि जे मिळत नाही त्याविषयी त्याला लेखी विचारावे. अशी चाळीस-पन्नास पत्रे एखाद्या प्रकाशकाकडे गेली, तर पुढील वर्षीच्या निवेदनात त्याला संपलेल्या आवृत्तींविषयी लिहावेच लागेल.

लहान प्रकाशनसंस्था बहुधा एका माणसाच्या जिवावर चालते. तो माणूस थकला की यादी थांबते आणि हळूहळू पुस्तके फूटपाथवरच्या जुन्या बाजारात दिसू लागतात. प्रासने एका कवीसाठी पंचवीस वर्षे वाट पाहिली, हे आपल्या वाङ्मयव्यवहारातील दुर्मीळ चारित्र्य होय. ती पुस्तके पुढील पंचवीस वर्षे मिळत राहतील की नाही, हे मात्र एकट्या प्रकाशकावर सोडून चालणार नाही. त्यासाठी वाचकाने मागणी नोंदविली पाहिजे, आणि प्रकाशकाने आपल्या रिकाम्या वर्षांचाही हिशेब मोकळेपणाने वाचकापुढे ठेवला पाहिजे.