कोश, पोथी आणि बोली

विद्यापीठीय संशोधनाच्या यशाची मोजदाद बहुधा प्रबंधांच्या व लेखांच्या संख्येवरून केली जाते. एका अभ्यासकाने घातलेल्या पायावर दुसऱ्यास भिंत चढविता आली काय, हा प्रश्न त्या मोजदादीत क्वचितच येतो. प्राचीन मराठीच्या अभ्यासात मात्र तो टाळता येण्यासारखा नाही. तेथे कोणतेही एक शास्त्र स्वतःच्या बळावर फार दूर जाऊ शकत नाही.

'लीळाचरित्रा'चेच उदाहरण घ्यावे. म्हाइंभटांनी इ. स. 1278 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या ग्रंथाची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व अनुयायांनी स्मरणाच्या आधारे तो पुन्हा उभा केला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. आज हाती असलेल्या पोथ्या पुष्कळ नंतरच्या. एका पोथीत 'जाला' आणि दुसरीत 'झाला' असे आढळले, तर तो भेद काळाचा, प्रदेशाचा की केवळ लेखकाच्या सवयीचा? त्यात महानुभावांच्या सकळा लिपीची भर पडते. या लिपीत अक्षरांची अदलाबदल केलेली असते. तेव्हा तिच्यातून देवनागरीत उतरविताना होणारा प्रमाद हा दोन अक्षरांच्या दिसण्यातील साम्यामुळेच होईल असे नाही, तो किल्लीतील गोंधळामुळेही होईल. पाठभेदांवरून भाषेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

या अडचणीतून वाट निघाली ती अनेकांच्या हातांनी. महंतांनी पोथ्या व लिपीची किल्ली उपलब्ध करून दिली नसती, तर संशोधकांचे पांडित्य मठाच्या दाराशीच थांबले असते. ह. ना. नेने यांनी 1936 पासून नागपुरातून 'लीळाचरित्र' छापण्यास आरंभ केला, पुढे शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्या झाल्या, पैकी कोलत्यांची 1978 ची. लंडनमध्ये इयन रेसाइड यांनी 1960 साली महानुभाव ग्रंथांची सूची व 1970 साली सकळा लिपीवरील निबंध प्रसिद्ध केला. औरंगाबादेस (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव हस्तलिखितांच्या शोधास व अभ्यासास दीर्घकाळ वाहून घेतले. फार्सी-मराठी अनुबंधाकडेही त्यांनी तितक्याच आस्थेने पाहिले, ही गोष्ट या प्रदेशाच्या भाषिक घडणीला धरूनच झाली.

या सर्व परिश्रमांचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे तुळपुळे आणि अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. दोघांनी आधी 'स्मृतिस्थळा'चे इंग्रजी भाषांतर 1992 मध्ये प्रसिद्ध केले होते. तुळपुळे 1994 साली निवर्तले. कोश मुंबईहून 1999 मध्ये बाहेर पडला. एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने काम तडीस न्यावे, ही आपल्याकडे तितकीशी रुळलेली रीत नव्हे. तुळपुळ्यांची 'यादवकालीन मराठी भाषा' (1942) आणि 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (1963) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून कोश चाळला म्हणजे त्याचे बळ कळते. शिलालेखाचा दगड सहसा नक्कलकाराच्या हाती पुन्हा लागत नाही. म्हणून पोथीतील रूपाला दगडावरील रूपाची साक्ष काढता येते.

तरीही या सहकार्यात एक भागीदार अनुपस्थित आहे. कोशाची प्रतिज्ञा जुने ग्रंथ व कोरीव लेख एवढीच असल्याने त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दोष असलाच तर तो ज्यांच्या दारात ही भाषा आजही बोलली जाते त्यांचा. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे 1963 ते 1966 या काळातील पहिले तिन्ही खंड कोकण व किनारपट्टीकडील बोलींचे आहेत. पोथ्यांसाठी मराठवाड्यात आलेला अभ्यासक पोथ्या घेऊन परतला; ज्या घरात पोथी होती त्या घरातील बोलणे त्याच्या वहीत फारसे उतरले नाही. नांदेड-परभणीकडचा शेतकरी सहज 'करायलो', 'जायलो' म्हणतो. हे चालू क्रियेचे रूप मराठीतच वाढले, की तेलुगू-कन्नडच्या अथवा दखनीच्या शेजाराने त्याला वळण दिले? कोशाच्या पानांवर याचे उत्तर मिळणार नाही, आणि केवळ ध्वनिमुद्रणातूनही मिळणार नाही. कोशकार, हस्तलिखितांचा जाणकार आणि बोलींचा अभ्यासक एका मेजाशी बसले तरच काही निष्पन्न होईल.

अशा कामाचा मार्ग शोधावयास फार लांब जावयास नको. चक्रधरांचे वास्तव्य झालेल्या गावांची नोंद 'स्थानपोथी'ने करूनच ठेवली आहे. त्या गावांची आजची बोली टिपावी आणि कोशातील शब्द व रूपे एकेक करून तिच्याशी ताडून पाहावीत. 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरांवर आहे, आणि पैठण पन्नासांवर.