यंत्रजोडणीचे मराठी गद्य : एक चिकित्सा

कल्याणहून निघणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके एका ओळीत येतात; पहिले ओलांडल्यावाचून दुसरे येत नाही. संगणकाच्या व्यवहारात ज्याला सिरियल म्हणतात, त्या दळणवळणाची जात हीच. एका तारेवरून एकामागून एक बिट जातो आणि क्रम हाच त्याचा अर्थ असतो. १९५३ मध्ये अंबरनाथ येथे यंत्रहत्यारांच्या नमुन्यांचा सरकारी कारखाना निघाला; १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे उभ्या राहिल्या. अशा वसाहतींत वापरले जाणारे अंकनियंत्रित लेथ, वजनकाटे, मापकयंत्रे यांच्या पाठीशी बहुधा सिरियल पोर्ट असतो. यंत्र वीस-पंचवीस वर्षे निभावते. नव्या संगणकाला मात्र तो पोर्ट उरलेला नाही. ह्या दोहोंमध्ये जी पेटी बसवावी लागते ती सिरियल पोर्ट सर्व्हर : एका अंगास नऊ पिनांची जोडणी, दुसऱ्या अंगास नेटवर्कची केबल. ती युनिक्स प्रणालीवर कशी बसवावी हे मराठीत सांगू लागताच वाक्य कोठे डळमळते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

परिभाषेची चर्चा आपल्याकडे नामांपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्या परंपरेचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागेल की, नाम हा ह्या गद्याचा सर्वांत कठीण भाग नव्हे. ‘पोर्ट’ हाच शब्द पाहावा. त्याच्या पाठीशी लॅटिनमधील दोन भगिनीशब्द आहेत. एकाचा अर्थ बंदर, दुसऱ्याचा दरवाजा. यंत्रावरचा पोर्ट दरवाजाच्या कुळातला. तेव्हा ‘द्वार’ हा पर्याय व्युत्पत्तीला धरून आहे आणि ‘बंदर’ नाही, मग कल्याणच्या प्राचीन बंदराविषयी कितीही अभिमान असो. परंतु ह्या पेटीच्या मांडणीत पोर्ट एकाच ओळीत दोन अर्थांनी येतो. एक, तार खोचण्याची जागा; दुसरा, टीसीपीच्या व्यवहारातील निव्वळ एक आकडा. दोहोंना ‘द्वार’ म्हणणारा भाषांतरकार व्युत्पत्ती राखतो आणि वाचकाला बुडवतो.

ह्या भेदाला उल्हासनगरचा पत्ता चांगला उपयोगी पडतो. त्या नगराची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते बसली. पण त्यापूर्वीच्या लष्करी छावणीचे पाच कॅम्प व बराकींचे क्रमांक तेथील पत्त्यांत अद्याप नांदतात. नेटवर्कवरील पेटीचा पत्ता म्हणजे कॅम्प, टीसीपीचा आकडा म्हणजे बराक. सिरियल तारेला मात्र ना कॅम्प ना बराक; तिच्या टोकाला एकच शेजारी असतो, आणि म्हणूनच त्या तारेवर पत्ता लिहिण्याची सोयच नाही. पेटीचे काम हेच, की बिनपत्त्याच्या शेजाऱ्याला पत्ता मिळवून द्यावा. एवढे सांगितल्यावर ‘सिरियल पोर्ट’ आणि ‘टीसीपी क्रमांक’ ही कारखान्यात रुळलेली नावे ठेवण्यास हरकत उरत नाही.

युनिक्समध्ये अशा प्रत्येक पोर्टच्या नावात ‘टीटीवाय’ ही अक्षरे असतात. ती टेलिटाइप ह्या टंकयंत्राची खूण होय. टेलिटाइप गेला, नाव उरले. भारतात २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाल्यावरही ‘तार आली’ ह्या वाक्यातला धसका जुन्या पिढीच्या कानात राहावा, तसे.

आता क्रियापदाकडे वळू, कारण खरा घोटाळा तेथे आहे. ‘दोन्ही टोकांची गती जुळवली जाते’ असे वाक्य सहज लिहिले जाते. इंग्रजी कर्मणी प्रयोगाची ती सावली आहे. मराठी वाचक त्यातून असे समजतो की, गती कोणीतरी, बहुधा पेटीच, जुळवते. वस्तुस्थिती उलट आहे. साध्या सिरियल तारेवर गतीची वाटाघाट करण्याची कोणतीही तरतूद नाही. यंत्रावर ४८०० आणि पेटीवर ९६०० असेल तर चूक कळवणारा कोणी नसतो. नुसती निरर्थक अक्षरे येतात. कर्ता लपवल्याने येथे केवळ शैली बिघडत नाही, लेथला चुकीचा आकडा जाऊ शकतो. ‘दोन्ही टोकांना तीच गती स्वतः लावा’ हे वाक्य आखूड आहे, आणि खरे आहे.

ह्याहून सूक्ष्म अडचण विध्यर्थाची. इंटरनेटच्या नियमपत्रांपैकी १९९७ च्या २११९ क्रमांकाच्या पत्राने इंग्रजीतील तीन साहाय्यक क्रियापदांचे अर्थ बांधून दिले : एक अनिवार्यतेचे, एक शिफारशीचे, एक मुभेचे. मराठीतला ‘-आवे’ ह्यांपैकी पहिल्या दोन्ही ठिकाणी वावरतो आणि प्रसंगी तिसऱ्यातही डोकावतो. ‘गती ९६०० ठेवावी’ ही आज्ञा, की सल्ला? वडीलधाऱ्यांच्या पत्रात ही संदिग्धता म्हणजे सौजन्य. यंत्राच्या सूचनेत ती दोष ठरते. भाषेला मात्र येथे दरिद्री म्हणता येणार नाही. ‘दोन्ही टोकांची गती एकच असली पाहिजे, सेवा मूळ प्रशासकाच्या नावाने चालवू नये हे बरे, यंत्राला प्रवाहनियंत्रण नको असेल तर ते बंद ठेवले तरी चालेल’ ह्यात तिन्ही पायऱ्या स्वच्छ दिसतात. आणखी एक वाक्य पहिल्या पायरीवरचेच आहे. साध्या टीसीपी किंवा टेलनेट जोडणीत ओळख पटवण्याची वा मजकूर झाकण्याची सोय आपोआप येत नाही. तो क्रमांक ज्याला गाठता येईल, त्याला यंत्राशी बोलता येईल. म्हणून ‘पेटी बाहेरच्या नेटवर्कला उघडी ठेवू नये’ एवढे पुरेसे नाही. ‘ठेवताच कामा नये’ असे लिहिले पाहिजे.

‘पॅरिटी’ला ‘समता’ म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. मराठीत समता हा सामाजिक ध्येयाचा शब्द आहे. येथे प्रश्न केवळ सम-विषमाचा आहे आणि तो जोडशब्द शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

युनिक्सचा टर्मिनल येणाऱ्या अक्षरांवर संस्कार करतो. ‘एसटीटीवाय’ ह्या आज्ञेच्या परिभाषेत त्या अवस्थेला शिजवलेली व दुसरीला कच्ची म्हणतात. हे रूपक मराठीत आणण्यासाठी कोशाची गरज नाही; शिधा आणि पक्वान्न हा भेद घराघरांत आहे. यंत्राला शिधा हवा असतो. शिजवलेल्या अवस्थेत ३ हा बाइट व्यत्ययाची आज्ञा ठरतो, १७ व १९ हे प्रवाह सुरू-बंद करण्याच्या खुणा म्हणून गिळले जाऊ शकतात, आणि मोजमापाच्या आकड्यांतून नेमके तेवढेच बाइट नाहीसे होतात.

बिटांची संख्या हा तर देवनागरीच्या जिव्हाळ्याचा विषय. जुन्या अंकनियंत्रित यंत्रांत सात बिट व सम पॅरिटी ही मांडणी वारंवार आढळते. ‘अंबरनाथ’ ह्या नावात संगणकाच्या हिशेबाने सात चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास तीन ह्याप्रमाणे एकवीस बाइट. ९६०० गतीला, आठ बिटांच्या नेहमीच्या मांडणीत, बाइटमागे दहा बिट धरता ते सुमारे बावीस सहस्रांश सेकंदांत तारेवरून जातात. त्यांतील प्रत्येक बाइटचा आठवा बिट १ असतो. पाठवणारा पोर्ट सात बिटांचा असेल तर तो गळतो, आणि ‘अ’ ह्या अक्षराच्या जागी एक उलटा स्वल्पविराम, एक डॉलर-चिन्ह आणि समोरच्यास ‘कोण आहेस’ असे विचारणारा नियंत्रण-बाइट जातो. शके ९८२ मधला शिलालेख ज्या गावच्या शिवालयात आहे, त्या गावाचे नाव असे पुसले जावे, ह्यात थोडी गंमत आहे.

राहता राहिला टेलनेटचा प्रकार. १९९७ च्या २२१७ क्रमांकाच्या नियमपत्राने मजकुराबरोबर गती, पॅरिटी इत्यादींच्या सूचनाही त्याच वाहिनीतून पाठवण्याची सोय केली. सूचना ओळखण्यासाठी २५५ हा बाइट राखीव आहे. मजकुरातच २५५ आला तर तो दोनदा लिहावयाचा. शब्द अर्थासाठी आला की स्वतःच्या रूपासाठी, हा भेद पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच पादात नोंदवला आहे. तोच भेद येथे द्विरुक्तीने राखला जातो. एक टोक टेलनेटचे व दुसरे साधे असेल तर ही द्विरुक्ती तशीच यंत्रापर्यंत पोहोचते, किंवा उलट दिशेने एकटा २५५ आज्ञा समजून खाल्ला जातो. यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही. त्यामुळे मराठी मजकूर पाठवून घेतलेली चाचणी कितीही नीट उमटली तरी हा दोष उघडकीस येत नाही. त्यासाठी ० पासून २५५ पर्यंतचे सर्व बाइट एकदा क्रमाने पाठवून पलीकडे मोजून घेतले पाहिजेत.