वीस मिलिमीटरांचा तोल

रॉयल एनफील्डच्या हिमालयन 411 ची सीट जमिनीपासून 800 मिलिमीटर उंच आहे. सव्वापाच फुटांच्या माणसाला तिथे बसून दोन्ही तळवे सपाट टेकवता येत नाहीत. गाडी सुमारे 200 किलोची, मागे भरलेल्या बॅगा, आणि वरंध घाटात उतारावर, खडीवर थांबायची वेळ. अशा वेळी माणूस चवड्यांवर तोलत उभा आहे की पाऊल रोवून, यावर पुष्कळ काही ठरतं. म्हणून बरेच जण गाडी खाली बसवून घेतात. मागच्या मोनोशॉकच्या लिंक बदलल्या की गाडीची मागची बाजू खाली येते, पाय टेकतात आणि समाधान होतं.

मला कौतुक आहे ते त्यानंतरच्या कामाचं. ते बहुतेक जण वगळतात. पुढचे फोर्क पाईप त्यांना पकडून ठेवणाऱ्या वरच्या आणि खालच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे टीमध्ये, थोडे वर सरकवायचे आणि गाडीचं नाक मागच्या बाजूइतकंच खाली आणायचं, एवढंच हे काम. घराच्या पार्किंगमध्ये एका दुपारी होतं, नवा सुटा भाग लागत नाही, आणि झाल्यावर शेजाऱ्याला फरक दाखवायला गेलात तर त्याला काही दिसणारही नाही.

या कामाने पाय टेकायला जवळजवळ काहीच मदत होत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. चालक मागच्या चाकाच्या बराच जवळ बसतो. पुढचे पाईप 20 मिलिमीटर वर सरकवले, तरी फोर्क कललेला असल्याने नाक खाली येतं ते साधारण 18 मिलिमीटर, आणि त्यातले सीटच्या वाट्याला येतात पाच-सहा. पायांची सोय मागच्या लिंकनी आधीच केलेली असते. पुढचं काम त्या सोयीने बिघडवलेला मेळ परत जमवण्यासाठी असतं. या कामाचा खरा रस मला इथेच वाटतो.

हँडल ज्या कललेल्या रेषेभोवती फिरतं, ती रेषा मनाने जमिनीपर्यंत ओढून बघा. टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टायर त्या बिंदूच्या मागून ओढला जात असल्यामुळे सरळ रस्त्यावर पुढचं चाक आपणहून सरळ राहू पाहतं. आता मागची बाजू 20 मिलिमीटर खाली गेली, तर 1465 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर अख्खी गाडी सुमारे पाऊण अंश मागे कलते. फोर्क तेवढा आडवा होतो आणि ट्रेल पाच-सहा मिलिमीटरने वाढतो. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. ताम्हिणीत एकामागून एक वळणं आली की तो मनगटांना कळतो: हँडल मंदावतं, वळणात घातलेली गाडी बाहेरच्या कडेकडे जाऊ लागते, पुढच्या टायरवरचा भरवसा कमी होतो. पाय टेकले, पण घाटातली मजा गेली, अशी तक्रार करणाऱ्यांच्या गाड्यांना बहुधा हेच झालेलं असतं.

उलट, मागे हात न लावता नुसतं नाक खाली आणलं तर ट्रेल कमी होतो. गाडी वळायला चपळ होते खरी, पण हायवेवर ट्रक ओलांडताना वाऱ्याचा झोत आला की हँडल अस्वस्थ होतं. हिमालयनची चौकट इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सने आखलेली आहे आणि पुढे 21 इंची चाक दिलेलं आहे. खराब रस्त्यावर न डगमगणं हा या गाडीचा मूळ स्वभाव. पुढचं आणि मागचं सारखंच खाली आलं तरच तो टिकतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावायची. पुढे इंजिनखालच्या बॅश प्लेटला लाकडी फळी लावून जॅक द्यायचा, तो चाक जमिनीला जेमतेम टेकेल इतकाच. वरच्या टीच्या पृष्ठभागापासून पाईपच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायचं आणि खालच्या टीच्या 20 मिलिमीटर खाली दोन्ही पाईपांवर चिकटपट्टीची कड नेमकी लावायची. मग वरच्या टीचे बोल्ट सैल करायचे, त्यानंतर खालच्या टीचे, आणि जॅक अगदी थोडा थोडा सोडायचा. आधी काहीच हलत नाही. पाईप वर्षानुवर्षं त्याच जागी आवळलेला असतो, धूळ आणि जुनं पाणी त्या फटीत बसलेलं असतं. मग एक बारीक कुरकुर ऐकू येते आणि 41 मिलिमीटर व्यासाचा चकचकीत पाईप टीतून वर येऊ लागतो. वरच्या टोकाला नवा दिसलेला तो पट्टा बोटभरही नसतो.

इथे घाई नको. डावा आणि उजवा पाईप जोडीच्या तानपुऱ्यांसारखे एकमेकांशी लागले पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही व्हर्नियर दाखवतो आणि तो काढून टाकावा. मग दोन्ही टीचे बोल्ट आवळायचे. त्यानंतर पुढच्या ॲक्सलची पकड सैल ठेवून, जॅक काढून, गाडी जमिनीवर घेऊन फोर्क तीन-चार वेळा दाबायचा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना समांतर बसतात. मगच ॲक्सलची पकड आवळायची. खालच्या टीला दोन बोल्ट असतील तर ते आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायचे. कमी आवळलं तर जोरात ब्रेक लागताना पाईप सरकेल, जास्त आवळलं तर आटे मरतील. म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्क रेंच, यांना पर्याय नाही.

काही जण नाक खाली आणायला फोर्कची स्प्रिंग कापतात. मला ते अजिबात पटत नाही. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते आणि तिचा मूळ हिशेब कायमचा जातो. फोर्कच्या आत डॅम्पर रॉडवर स्पेसर घालायची दुसरी रीत आहे. ती नीट केली तर चांगली, पण तिच्यात फोर्कचा प्रवासच कमी होतो. टीमध्ये सरकवण्याच्या रीतीत स्प्रिंग, तेल, 200 मिलिमीटरचा प्रवास, सगळं जसंच्या तसं राहतं, आणि मन बदललं तर गाडी त्याच दुपारी पूर्ववत करता येते.

मात्र प्रवास तेवढाच राहतो, म्हणूनच एक तपासणी टाळता येत नाही. फोर्क पूर्ण दबल्यावर चाक आता वरच्या मडगार्डच्या आणि खालच्या टीच्या पूर्वीपेक्षा जवळ जाणार. कॅप उघडून स्प्रिंग बाहेर काढायची, चाक पूर्ण वर उचलायचं आणि कुठे काही घासत नाही ना ते डोळ्यांनी बघायचं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघायचं.

काम जमलं की नाही याचा पुरावा रात्री भिंतीवर मिळतो. नुसती मागची बाजू बसवली होती तेव्हा हेडलाइटचा झोत वर चढून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता. दोन्ही बाजू जुळल्या की तो मूळ कोनात येतो.

याची किंमतही आहे. जमिनीपासूनची मोकळी जागा 220 मिलिमीटरवरून 200 च्या आसपास येते आणि गावाच्या वेशीवरचे उंच स्पीडब्रेकर आता जपून घ्यावे लागतात. साइड स्टँड तेवढाच राहिला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि पलीकडे कलंडू शकते. तो कापून, वेल्ड करून आखूड करून घ्यावा. डबल स्टँडवर चढवायलाही जास्त जोर लागतो.

उंचीमुळे गाडी बसवून घेणार असाल, तर मागच्या लिंकवर थांबू नका. पुढचंही करा, मोजून करा आणि 20 मिलिमीटरांच्या पुढे जायचा मोह टाळा. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून दुपारपुरता मागून आणा.